‘टाकी चकाचक तर पाणी चकाचक’? त्या फॉरवर्डला उत्तर

एप्रिल उजाडला, बर्फ वितळला, की मिशिगनमधल्या आमच्या मराठी कॅम्पिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा येतो. यंदा तो एका काकांनी टाकला आणि पाठोपाठ वीस अंगठे उमटले. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विषय आहे मोटरहोममधली, म्हणजे आत पलंग, सिंक, शॉवर असलेल्या कॅम्पिंगच्या गाडीतली, पाण्याची टाकी. मथळा आहे ‘टाकी चकाचक तर पाणी चकाचक’. खाली पाच कलमं आहेत. एक, वर्षातून एकदा टाकीत अर्धा गॅलन ब्लीच आणि बाटलीभर व्हिनेगर ओता, ताकद दुप्पट होते. दोन, गरम पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास आला तर टाकी सडली समजा आणि नवी बसवा. तीन, जुन्या गाड्यांचे पाईप आजच्यापेक्षा दणकट असतात, कॅम्पग्राउंडच्या नळाला बिनधास्त थेट जोडा. चार, हिवाळ्याआधी टाकी रिकामी केली की झालं, ते गुलाबी अँटिफ्रीझ (पाईप गोठून फुटू नयेत म्हणून घालायचा द्रव) विष आहे. पाच, टाकीतलं पाणी पीत नसाल तर यातलं काहीच करायची गरज नाही.

माझी गाडी १९९३ ची. घेतली तेव्हाच ती तीन मालक करून आली होती. गेल्या सहा वर्षांत तिच्या पलंगाखाली, सिंकखाली आणि हीटरच्या झाकणासमोर मी इतका वेळ पालथा पडलोय, की या मजकुराला उत्तर द्यायचा थोडा हक्क मिळाला असावा.

आधी त्या मथळ्याबद्दल. आमच्या गावी ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर बादलीत कालवायचा, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायचा. पण पाणी तपासायला तो टाकीपाशी थांबत नसे. लाइनीच्या अगदी शेवटच्या घरी जाऊन तिथल्या नळाचं पाणी नळीत घ्यायचा आणि ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचा. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं. मोटरहोममध्येही तपासायचा असतो तो शेवटचा नळ. टाकी म्हणजे प्लॅस्टिकचा एक डबा. खरी भानगड तिच्या पुढे सुरू होते: गाळणी, पंप, हीटर, पाईप, बाहेरचा शॉवर.

आता ब्लीच आणि व्हिनेगर. हे कलम मजकुरातून आजच्या आज काढून टाका, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांमध्ये सोडला होता. आमच्या गाडीची टाकी पलंगाखाली आहे. पंप चालू करून नळ सोडाल तेव्हा हे मिश्रण तुमच्या नाकासमोरच्या सिंकमध्ये येणार, तेही बंद खिडक्यांच्या आठ फुटी डब्यात. व्हिनेगरचा उपयोग आहे, पण तो नळाच्या जाळीवर आणि शॉवरच्या तोंडावर साचलेला पांढरा क्षार काढायला. जंतू मारायला त्याच्या भरवशावर राहता येत नाही. वापरायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, ब्लीचचं पाणी पूर्ण काढून आणि खळखळून धुऊन झाल्यावर.

प्रमाणही चुकलंय. दर १५ गॅलन पाण्याला पाव कप साधं ब्लीच, म्हणजे पाच-सहा टक्क्यांचं, पुरतं. त्यातून साधारण ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ५० भाग क्लोरीन मिळतं. माझी टाकी ४० गॅलनची, तिला पाऊण कपही लागत नाही. अर्धा गॅलन म्हणजे गरजेच्या बारापट! हल्ली साडेसात टक्क्यांच्या बाटल्याही मिळतात, त्यामुळे लेबल वाचून माप आणखी कमी करावं लागतं. सुगंधी ब्लीच नको, शिंतोडे न उडणारं दाट ब्लीचही नको.

मी करतो ते असं. कोळशाचा फिल्टर आधी काढून ठेवतो, नाहीतर सगळं क्लोरीन तोच खातो. हीटर बंद करून गार होऊ देतो. ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून ओततो, टाकी काठोकाठ भरतो. मग पंप लावून एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, वास येईपर्यंत सोडतो. टॉयलेटचा फ्लश आणि मागच्या भिंतीतला बाहेरचा शॉवरही सोडतो, कारण विसरला जातो तो हाच. गाडी दोन चौक फिरवून आणतो, म्हणजे टाकीच्या छतालाही पाणी लागतं. चार तास तसंच ठेवतो. मग सगळं डम्प स्टेशनवर, म्हणजे गाड्यांचं सांडपाणी सोडायच्या जागी, सोडून दोनदा ताज्या पाण्याने धुतो. शेवटी पंपाच्या गाळणीची वाटी उघडतो. पहिल्या वर्षी त्या वाटीत टाकीला भोकं पाडतानाचा पांढऱ्या प्लॅस्टिकचा कीस निघाला होता. १९९३ चा कीस. तीन मालकांपैकी कोणीही ती वाटी उघडली नव्हती.

वासाचं कलम मला जरा जास्तच लागलं, कारण त्यात मी स्वतः फसलोय. दोन वर्षांपूर्वी लडिंग्टनला पोचलो, बायकोने गरम नळ सोडला आणि म्हणाली, “अरे, हे पाणी आहे की गटार?” मी टाकी दोनदा धुतली. वास तसाच. तेव्हा कुठे डोक्यात आलं, की थंड नळाला वास नाहीच. दोन्ही नळ एकाच टाकीवर चालतात, मग दोष टाकीत कसा असेल?

काही हीटरच्या पोलादी टाकीला आतून काचेसारखा लेप असतो आणि तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. टाकीऐवजी आपण गंजून जायचं, एवढंच तिचं काम. पाण्यातले काही जिवाणू सल्फेटवर जगतात. साचून राहिलेल्या पाण्यात या मॅग्नेशियमच्या जोडीने त्यांचं फावतं आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे तोच अंड्यांचा वास. मी हीटर बंद केला, पाणी गार झाल्यावर दाब सोडला आणि पाना लावून कांडी बाहेर काढली. ती जाड बोटाएवढी असायला हवी होती. हातात आली ती एक तार, तिच्यावर चुरमुऱ्यासारखे दाणे, आणि पाठोपाठ भोकातून दह्यासारखा पांढरा गाळ धो धो पडला. हीटरमधून क्लोरीनचं पाणी खेळवलं, आतून होज लावून गाळ धुतला, नवी कांडी बसवली. वास गेला. पुन्हा आला असता तर अॅल्युमिनियम-झिंकची कांडी लावणार होतो. काकांच्या सल्ल्याने गेलो असतो तर पलंग उखडून नवी टाकी बसवली असती आणि वास तिथेच राहिला असता.

एक सूचना मात्र हवीच. सगळ्याच हीटरमध्ये ही कांडी नसते. काहींची टाकी आतून अॅल्युमिनियमची असते आणि तिला प्लॅस्टिकचं साधं बूच असतं. त्यात कांडी ठोकायला जाऊ नका.

आता ‘जुने पाईप दणकट’. अंगणातल्या हापशाच्या लोखंडी पाइपाबद्दल बोलत असाल तर हो. पण अमेरिकेत साधारण १९७८ ते १९९५ या काळात घरांत आणि मोटरहोममध्येही पॉलिब्युटिलीनचे राखाडी पाईप सर्रास घातले गेले. ते आणि त्यांचे प्लॅस्टिकचे सांधे क्लोरीनच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहून ठिसूळ होतात आणि आतून चिरत जातात. घरमालकांनी दावे लावले आणि १९९५ साली सुमारे ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. तुमच्या सिंकखाली टॉर्च मारून बघा. राखाडी पाइपावर ‘पीबी २११०’ असा छाप दिसला तर तो हाच. बारापट ब्लीचचा सल्ला नेमका याच पाइपांच्या मालकांना दिला जातोय, हे त्यातलं विशेष. घाबरून लगेच सगळे उपटायची गरज नाही. माझ्या गाडीत अजून अर्धे आहेत. सांधा गळला की तेवढा भाग पेक्स या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपाचा करतो, जोडायला खास अॅडॅप्टर मिळतो.

थेट नळाला जोडणं मात्र या पाइपांच्या जिवावर बेततं. गाडीतला पंप ४५ ते ५५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आपोआप बंद होतो, यंत्रणेला तेवढ्याची सवय असते. कॅम्पग्राउंडचा नळ रात्री सगळे झोपल्यावर ८० किंवा त्याच्याही वर जातो. म्हणून दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर हवा, तोही नळाच्या तोंडाला लावायचा, म्हणजे होजही वाचतो. आणि कोणताही नळ उघडा नसताना पंप मध्येच ‘घर्र’ करून गप्प होत असेल तर कुठेतरी गळतंय, किंवा पंपाची झडप पाणी मागे सोडतेय. रात्री एकदा कान देऊन ऐका.

हिवाळ्याचं कलम अर्धं खरं आहे. टाकी रिकामी करायलाच हवी. पण टाकी फुटतच नाही हो सहसा. फुटतो पंप, फुटते टॉयलेटची झडप, फुटतो बाहेरच्या शॉवरचा नळ, कारण त्यांत कपभर पाणी अडकून राहतं आणि आमच्याकडे जानेवारीत शून्याखाली पंधरा-वीस सेल्सियस ही काही बातमी नसते. हीटर रिकामा करून बायपास, म्हणजे पाणी हीटरला वगळून नेणारी झडप, फिरवायचा. मग पंपाला गुलाबी अँटिफ्रीझ ओढू द्यायचं आणि प्रत्येक नळातून गुलाबी रंग दिसेपर्यंत सोडायचं. बायपास केलेला असेल तर दोन-तीन गॅलनमध्ये काम होतं. नसेल तर सहा गॅलन नुसता हीटरच पितो.

विष आहे ते गाडीच्या इंजिनाचं अँटिफ्रीझ, इथिलीन ग्लायकोल. गुलाबीत प्रॉपिलीन ग्लायकोल असतं, जे खाद्यपदार्थांतही वापरतात. काही स्वस्त बाटल्यांत इथेनॉल असतं, म्हणून लेबल बघून घ्यावं. बाटलीवरचा उणे ५० फॅरनहाइट हा आकडा पाईप न फुटण्याचा आहे. त्याच्या बऱ्याच आधी ते बर्फाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत होतं, त्याने काही बिघडत नाही.

राहिलं शेवटचं, ‘पीत नाही तर कशाला’. दात कशाने घासता? काकडी कशाने धुता? शॉवरखाली जो तुषार नाकात जातो तो कुठला? लिजिओनेला नावाचा जिवाणू साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंश सेल्सियसला, फोफावतो आणि तो पिण्यातून नाही, तुषारातून फुफ्फुसात शिरतो. जुलैत उन्हात महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीतलं पाणी बरोबर त्याच तापमानाचं असतं. म्हणून दोन ट्रिपांच्या मध्ये मी टाकी रिकामी करतो, आपल्याकडे डास होऊ नयेत म्हणून पाळतात त्या ‘कोरड्या दिवसा’सारखी. शिवाय गॅलनभर पाणी पावणेचार किलोचं. भरलेली टाकी म्हणजे दीडशे किलो विनाकारण हायवेवर ओढायचे.

पाणी भरायला पांढरा, पिण्याच्या पाण्यासाठीचाच होज वापरा. संडासाची टाकी धुवायचा होज वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या कप्प्यात. पांढऱ्याची दोन्ही टोकं गुंडाळताना एकमेकांना जोडून ठेवा, म्हणजे आत गोगलगाय शिरत नाही. ती गोगलगाय मी पाहिलेली आहे, चहाच्या भांड्यात.