आरएनओआर म्हणजे एनआरई खात्याला मुदतवाढ नव्हे

‘आरएनओआर दर्जा असेपर्यंत एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) तसंच ठेवता येतं’ हे एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे, आणि भारतात परतणारे बरेच जण नेमके इथेच अडकतात. आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) हा आयकरातला दर्जा. तो मागचे दिवस मोजून ठरतो: आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस, नाहीतर १० पैकी ९ वर्षं अनिवासी. खातं मात्र फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली येतं. तिथे कायमचं राहायला म्हणून परतलात की लगेच निवासी! एनआरई व्याजाची करमाफीही फेमाच्याच व्याख्येला बांधलेली, त्यामुळे परतल्यानंतरचं व्याज करपात्र. बँकेला कळवलंच नाही तर टीडीएस कापला जात नाही आणि ते व्याज विवरणपत्रातून सुटतं.

पैसे डॉलर-पौंडात ठेवायचे असतील तर शिल्लक आरएफसी खात्यात (निवासी व्यक्तीचं परकीय चलनातलं खातं) वळवा. त्याचं व्याज आरएनओआर असेपर्यंत खरोखरच करमुक्त असतं. एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली मुदत ठेव) घाईने मोडू नका, ती ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालते. परदेशातलं खातं बंद करायची सक्तीही नाही. फक्त आरएनओआर दर्जा संपून आयकरात पूर्ण निवासी झाल्यावर ते विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवावं लागतं, शिल्लक कितीही असो.