ईईसीपीने ब्लॉकेज ‘साफ’ होत नाहीत

‘पायांना पट्टे बांधा, 35 तासांत ब्लॉकेज गायब, गोळ्या बंद!’ रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपांपासून तालमींच्या ग्रुपांपर्यंत कोल्हापुरात हृदयाच्या पेशंटसाठीच्या ईईसीपी (एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन) या उपचाराचा हा मेसेज फिरतोय. यातले 35 तास तेवढे खरे.

ईईसीपीत पोटऱ्या, मांड्या आणि नितंबांना हवेचे पट्टे बांधतात. हृदय सैलावतं त्या क्षणी ते ईसीजीच्या तालावर फुगतात आणि रक्त हृदयाकडे ढकलतात. रोज तास-दोन तास, असे काही आठवडे. त्याने छातीतलं दुखणं कमी होऊ शकतं. धमनीतला थर मात्र जागेवरच राहतो. हार्ट अटॅक टळतो असंही सिद्ध झालेलं नाही.

हा उपचार मुख्यतः अशा पेशंटसाठी आहे, ज्यांचा अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारं दुखणं) पुरेशी औषधं घेऊनही थांबत नाही आणि ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्य नाही. त्याआधी रॅनोलाझिन, निकोरँडिल, आयव्हाब्रॅडिन या अंजायनाच्या औषधांपैकी काही जोडून बघतात. पायात रक्ताची गुठळी, महाधमनीला फुगवटा किंवा तिची झडप जास्त गळत असेल, तर पट्टे बांधूच नयेत. मेसेजमध्ये हे कुठेच नाही, पॅकेजचा दर मात्र ठळक!

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि दुखणं नवं असेल, वाढत असेल किंवा बसल्या जागी होत असेल, तर पट्ट्यांची चौकशी नको, थेट 108.