सावल्यांना साक्षीला बोलावलंत, तर त्यांचं ऐकूनही घ्या

माणूस चंद्रावर गेलाच नाही, असं सांगणारा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सोबत अपोलो मोहिमांचे फोटो, त्यांवर ओढलेल्या लाल रेघा आणि खाली प्रश्नांची सरबत्ती. सूर्य एकच, मग सावल्या समांतर का नाहीत? हवा नाही, तर सावलीतला माणूस इतका स्पष्ट कसा दिसतो? जमिनीवर मधोमध झोत टाकल्यासारखा उजेड का? काळ्याभोर आकाशात एकही तारा कसा नाही? फोटोवरच्या फुल्या वस्तूंच्या मागे कशा गेल्या? हेल्मेटच्या काचेत दिसणाऱ्या माणसाने कॅमेरा डोळ्याला का लावलेला नाही? शेवटी निकालही देऊन टाकलेला असतो: हे सगळं स्टुडिओत दिवे लावून काढलेलं आहे.

प्रश्न चांगले आहेत. फोटो इतक्या बारकाईने बघणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण प्रश्न विचारून तिथेच थांबायचं आणि न शोधलेल्या उत्तराच्या जोरावर हजारो माणसांच्या कामाला खोटं ठरवायचं, हे मला मान्य नाही. झेंडा, किरणोत्सार वगैरे मुद्दे मी इथे घेत नाही. उजेड आणि सावली यांच्याबद्दल जे म्हटलं आहे, तेवढंच पाहू.

"सावल्या समांतर नाहीत, म्हणजे दिवे एकाहून जास्त होते"

सगळ्यात जास्त फिरणारा मुद्दा हाच, आणि तो पहिल्याच पायरीवर अडखळतो. दोन दिवे लावले की प्रत्येक वस्तूच्या दोन सावल्या पडतात. रात्री प्रकाशझोतात खेळल्या जाणाऱ्या सामन्यात खेळाडूंच्या पायाशी तीन-चार सावल्या फाकलेल्या दिसतात, त्या यामुळेच. अपोलोच्या त्या फोटोंमध्ये दगड घ्या, यंत्र घ्या, माणूस घ्या, प्रत्येकाची सावली एकच आहे. लाल रेघा ओढणाऱ्याने दिशा मोजल्या, सावल्या मात्र मोजल्या नाहीत.

मग त्या समांतर का दिसत नाहीत? कारण फोटो सपाट असतो आणि जमीन लांबवर पसरलेली असते. रेल्वेचे दोन रूळ समांतरच असतात, तरी मधोमध उभं राहून पाहिलं की दूरवर एकमेकांना भेटताना दिसतात. सावल्यांचंही तसंच. सूर्य बरोबर पाठीशी ठेवून फोटो काढला, तर सपाट जमिनीवरच्या सगळ्या सावल्या समोर क्षितिजावरच्या एका बिंदूकडे झुकतात, आणि फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावलीही त्याच दिशेला पसरलेली असते. सूर्य बाजूला असेल, तर चौकटीच्या दोन टोकांच्या सावल्या वेगवेगळ्या कोनांत दिसतात. संध्याकाळी ढगांतून पंख्यासारख्या फाकलेल्या तिरिपा दिसतात, त्याही प्रत्यक्षात जवळपास समांतर असतात. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्यामुळे इथल्या दोन शेजारच्या किरणांमध्ये मोजण्याजोगा कोन उरतच नाही.

हे तपासायला चंद्रावर जावं लागत नाही. ऊन कलल्यावर मोकळ्या मैदानात चार-पाच काठ्या सरळ रोवा, थोडं बाजूने फोटो काढा आणि त्यावर तशाच लाल रेघा ओढा. त्या समांतर येणार नाहीत.

आता लांबीचं पाहू. 'शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या सावल्या लहानमोठ्या आहेत' असंही त्या मजकुरात येतं. अपोलो ११ जुलै १९६९ मध्ये उतरलं तेव्हा तिथे सकाळ होती आणि सूर्य क्षितिजापासून १५ अंशसुद्धा वर आलेला नव्हता. ही वेळ मुद्दाम निवडली होती. सूर्य डोक्यावर असता तर खड्डे आणि दगड सावलीविना जमिनीत मिसळून गेले असते, आणि उतरताना जागा नीट जोखता आली नसती. पण कललेल्या उन्हात जमिनीचा जरासा चढउतारही सावलीची लांबी पार बदलून टाकतो. समजा सूर्य १४ अंशांवर आहे आणि माणूस पाठीवरच्या पेटीसकट २ मीटर उंच आहे. सपाट जमिनीवर त्याची सावली साधारण ८ मीटर पडेल. सावलीच्या दिशेने जमीन फक्त ५ अंश चढत असेल, तर तीच सावली जेमतेम ६ मीटर भरते. ५ अंश उतरत असेल, तर १२ मीटरच्या पुढे जाते. म्हणजे दुपटीचा फरक, आणि तोही फोटोत जाणवणार नाही इतक्या उतारामुळे. उतार आडवा असेल तर लांबीबरोबर दिशाही वळते. चंद्राची जमीन लहानमोठ्या खड्ड्यांनी भरलेली आहे, तिथे असं न होणंच नवलाचं ठरलं असतं.

उलट बाजूनेही विचार करून बघा. तो उजेड खरंच दिव्याचा असता, तर काय दिसलं असतं? पुढची वस्तू दिव्यापासून ३० मीटरवर आहे आणि मागचा दगड आणखी ६० मीटर पलीकडे. अंतर तिप्पट झालं, म्हणजे उजेड नवव्या हिश्शावर आला. फोटोत पुढची जमीन लख्ख आणि मागची काळवंडलेली दिसली असती. या फोटोंमध्ये दूरच्या टेकड्याही पुढच्या दगडांइतक्याच उजळलेल्या आहेत. असा उजेड फक्त अतिशय दूरच्या उगमाकडून येऊ शकतो.

"हवा नाही, मग सावलीत उजेड कसा पोचला?"

या मुद्द्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण फोटो खरे असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा इथेच दडलेला आहे.

पृथ्वीवर सावलीत दिसतं याचं एक मोठं कारण आकाश. हवेत विखुरलेला उजेड सगळीकडून येतो आणि सावली भरून काढतो. चंद्रावर तो नाही, इथपर्यंत बरोबर. पण उजेड फक्त हवाच पसरवते असं कुणी सांगितलं? आपल्याला चंद्र दिसतो, तो त्याच्या जमिनीने परतवलेल्या उन्हामुळे. ती जमीन पडणाऱ्या उजेडापैकी सरासरी १२ टक्केच परत करते, ती तशी काळपटच आहे. तरीही पौर्णिमेला तेवढा उजेड पावणेचार लाख किलोमीटर पार करून येतो आणि आपल्या अंगणात सावल्या पाडतो. मग त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तिचा उजेड मिळणार नाही का? त्याच्या चहूकडे क्षितिजापर्यंत उन्हात तापलेली जमीन पसरलेली आहे.

अपोलो ११ चा अंतराळवीर आल्ड्रिन यानाच्या शिडीवरून उतरतानाचा प्रसिद्ध फोटो समोर ठेवा. तो यानाच्या सावलीत आहे, तरी पांढरा पोशाख छान दिसतो. त्याच्या जवळ, सावलीच्या पलीकडे, उन्हातली जमीन आहे आणि तिचा उजेड पोशाखावर येतो आहे. आता नजर खाली न्या. यानाची जी सावली जमिनीवर पडली आहे, ती जवळजवळ काळीकुट्ट आहे. एकाच सावलीत उभा माणूस दिसतो आणि आडवी जमीन दिसत नाही, असं का? उभ्या पोशाखासमोर उजळलेली जमीन आहे. सावलीतली जमीन मात्र वर तोंड करून आहे, आणि तिच्या वर आहे ते काळं आकाश, ज्यातून जवळपास काहीच येत नाही.

स्टुडिओत सावलीतल्या माणसाला दिसतं करायला वरून किंवा समोरून दुसरा दिवा लावला असता, तर त्याने जमिनीवरची सावलीही फिकी केली असती, आणि वर स्वतःची वेगळी सावली पाडली असती. फोटोत दोन्ही नाही. मला हा पुरावा पहिल्यांदा उमगला तेव्हा जो आनंद झाला, तो त्या मजकुराच्या प्रत्येक वाचकाला मिळावा असं मनापासून वाटतं.

"मधोमध झोत टाकल्यासारखा उजेड आहे"

सूर्य पाठीशी घेऊन काढलेल्या फोटोंमध्ये फोटो काढणाऱ्याच्या सावलीच्या डोक्याभोवती जमीन उजळ दिसते आणि बाजूला मंद होत जाते. खरखरीत जमिनीचा हा गुण आहे. सूर्य तुमच्या बरोबर मागे असेल, तर समोरच्या प्रत्येक कणाची सावली त्या कणाच्याच आड लपते. तुम्हाला फक्त उन्हातली बाजू दिसते. जरा बाजूला नजर गेली की कणांच्या बारीक सावल्या दिसायला लागतात आणि जमीन काळवंडते. दव पडलेल्या गवतावर सकाळी आपल्या सावलीच्या डोक्याभोवती तेज दिसतं, त्यात दवाच्या थेंबांचा हात असतो. चंद्रावर हे काम धूळ करते.

याचीच मोठी आवृत्ती आपण दर महिन्याला पाहतो. अष्टमीच्या सुमाराला चंद्राचा अर्धा भाग उजळलेला असतो, तेव्हा त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असायला हवा. प्रत्यक्षात तो साधारण दहावा हिस्साच असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि चंद्रावरच्या सावल्या आपल्या दृष्टीने नाहीशा होतात. शिडीवरच्या आल्ड्रिनला मिळालेल्या उजेडातही याचा वाटा आहे: सूर्य यानाच्या मागे होता, म्हणजे समोरची जमीन सूर्याच्या दिशेला जास्त उजेड परतवत होती, आणि तो त्याच वाटेवर उभा होता.

"तारे कुठे गेले?"

याचं उत्तर थोडक्यात देता येतं. उन्हातला पांढरा पोशाख आणि उजळलेली जमीन टिपायची, तर शटर क्षणभरच उघडायचं. हे फोटो साधारण १/२५० सेकंदात घेतलेले आहेत. तेवढ्या वेळात ताऱ्यांचा उजेड फिल्मवर उमटत नाही, त्याला काही सेकंद लागतात. आणि तितका वेळ शटर उघडं ठेवलं, तर माणूस आणि जमीन पांढरीफटक होऊन जाईल. रात्री प्रखर दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढून त्यात तारे शोधा, सापडणार नाहीत.

तारे टिपलेच नाहीत, हेही खरं नाही. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ ने जॉर्ज कॅरदर्स यांनी तयार केलेला अतिनील कॅमेरा चंद्रावर नेला आणि त्याने तारे आणि पृथ्वीभोवतीचं वायूचं आवरण टिपलं. तो कॅमेरा मुद्दाम यानाच्या सावलीत ठेवला होता.

"फुल्या वस्तूंच्या मागे गेल्या, म्हणजे फोटो चिकटवलेले आहेत"

कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढे एक काच होती आणि तिच्यावर १० मिलिमीटर अंतराने बारीक फुल्या कोरलेल्या होत्या. फोटोवरून मापं घेता यावीत म्हणून ही सोय. काही ठिकाणी फुलीची रेघ वस्तूच्या मागे गेल्यासारखी तुटते. ती कुठे तुटते ते बघा: दरवेळी लख्ख पांढऱ्या भागावर. तिथे फिल्मवर इतका उजेड पडतो की तो रसायनाच्या थरात आजूबाजूला पसरतो आणि केसासारखी बारीक रेघ गिळून टाकतो. झेंड्याच्या पट्ट्यांवर हे नीट दिसतं, लाल पट्टीवर रेघ शाबूत आणि पांढरीवर फिकट किंवा गायब. कापून चिकटवणारा माणूस फक्त पांढऱ्या पट्ट्या कशाला कापेल?

"हेल्मेटच्या काचेतल्या माणसाने कॅमेरा धरलेला नाही"

कारण कॅमेरा छातीवर अडकवलेला होता. हेल्मेट घातल्यावर डोळा कॅमेऱ्याला लावताच येत नाही. हातही तिथेच छातीपाशी आहेत.

पण त्या काचेबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. सोन्याचा पातळ थर दिलेली ती फुगीर काच बहिर्गोल आरशाचं काम करते. अशा आरशात वस्तूची प्रतिमा सुलटी, लहान आणि आरशाच्या मागे असल्यासारखी दिसते, आणि फार रुंद परिसर एवढ्याशा जागेत मावतो. म्हणूनच आल्ड्रिनच्या हेल्मेटमध्ये फोटो काढणारा त्याचा सहकारी आर्मस्ट्राँग, उतरलेलं यान, झेंडा आणि आल्ड्रिनची स्वतःची सावली हे सगळं एकदम दिसतं. कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला काय आहे, ते जवळजवळ सगळं या एका फोटोने उघड केलं आहे. तिथे दिव्यांच्या रांगा नाहीत, भिंत नाही, छत नाही. खोटं दृश्य उभारणारा कुणीही मधोमध असा आरसा ठेवणार नाही.

"त्यानंतर कुणी पुरावाच दिला नाही"

दिला आहे, आणि तोही सावल्यांचाच. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ (लूनार रिकनेसन्स ऑर्बिटर) यानाने अपोलो उतरलेल्या सगळ्या जागांचे फोटो काढले आहेत. मागे राहिलेले यानांचे खालचे भाग त्यांत दिसतात, आणि त्यांची सावली सकाळी एका बाजूला, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला पडते. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ ची जागा टिपली आहे. झेंडे इतक्या उंचीवरून ओळखू येण्याइतके मोठे नाहीत. म्हणून एलआरओच्या शास्त्रज्ञांनी एकाच जागेचे वेगवेगळ्या वेळचे फोटो एकामागोमाग लावून पाहिले. अपोलो १२, १६ आणि १७ च्या जागी झेंड्याची सावली सूर्याबरोबर फिरताना दिसली, म्हणजे तिथले झेंडे अजून उभे आहेत. अपोलो ११ च्या जागी अशी सावली सापडली नाही. परतीचं इंजिन पेटलं तेव्हा झेंडा पडताना पाहिल्याचं आल्ड्रिनने आधीच सांगून ठेवलं होतं.