‘जागा चर्चची, हुकूम चर्चचा’ म्हणे! तो सॉल्ट लेकवाला फॉरवर्ड अर्धाच आहे

गेले दोन आठवडे आमच्या ठाण्यातल्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. एक सोसायटीचा ग्रुप, एक शाळेच्या बॅचचा आणि एक सकाळी तलावपाळीला चालायला जाणाऱ्यांचा. मेसेज लांबलचक आहे, इमोजी काढून टाकले तर उरतं ते असं: अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीने भर गावातला मेन रस्ता चर्चला विकून टाकला, लोकांसाठी काही म्हणजे काही ठेवलं नाही, चर्चने तिथं बोलायला आणि पत्रकं वाटायला बंदी घातली, काही धर्मद्वेष्टे कोर्टात गेले आणि तोंडावर आपटले. लंडन न्यूयॉर्कलाही चर्चने लोकांना असंच हाकललं. म्हणजे सातबारा ज्याच्या नावावर हुकूम त्याचा, मग आपल्याकडे एखाद्या ट्रस्टने स्वतःच्या जागेला गेट लावलं तर बोंब कशाला?

शेवटचा टोमणा आम्हालाच आहे. आमच्या बिल्डिंगच्या मागे एका धार्मिक ट्रस्टचं आवार आहे (कुठल्या धर्माचं ते सांगत नाही, सांगितलं की पुढचं कोणी वाचणार नाही, फक्त भांडतील). त्यातून स्टेशनकडे जायला वाट होती, मी शाळेत होतो तेव्हापासून. मे महिन्यात तिथं गेट आलं, वॉचमन आला, आणि वाट उघडी ठेवा म्हणून सह्या गोळा करणाऱ्या आमच्या शेजारच्या आजोबांना त्या वॉचमनने सांगितलं की इथं असलं काही चालणार नाही. आजोबा त्या वेळी गेटच्या बाहेर, फुटपाथवर उभे होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मेसेज. पहिलंच, ‘लोकांसाठी काही ठेवलं नाही’. चूक, आणि सगळी गंमत या चुकीतच आहे. रस्ता विकला हे खरंय. नॉर्थ टेंपल आणि साउथ टेंपल या दोन रस्त्यांमधला मेन स्ट्रीटचा एक ब्लॉक 1999 मध्ये सुमारे 81 लाख डॉलरला मॉर्मन चर्चला (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) दिला, त्यांचं मुख्य मंदिर आणि ऑफिसं तिथंच दोन्ही बाजूंना आहेत, खाली पार्किंग केलं, वर कारंजी, फुलझाडं, फरशी वगैरे प्लाझा केला. पण विकताना शहराने एक गोष्ट स्वतःकडे ठेवली होती, ती म्हणजे पायी जायचा हक्क. आपल्याकडे गावात ज्याला वहिवाट म्हणतात ना, साधारण तेच. जमीन चर्चची, पण त्यावरून चालायचा हक्क पब्लिकचा आणि तो हक्क शहराच्या मालकीचा.

मग त्याच कागदात खाली यादी जोडली, काय काय करायचं नाही याची. घुटमळायचं नाही, जमायचं नाही, निदर्शनं नाहीत, पत्रकं नाहीत, वर्गणी मागायची नाही, भीक नाही, सिगरेट नाही, स्पीकर नाही, उन्हात पडून राहायचं नाही, सायकल स्केटबोर्ड नाही, असभ्य बोलणं आणि असभ्य कपडेसुद्धा नाहीत. (सोसायटीच्या लिफ्टजवळची नोटीस आठवली की नाही?) आणि हे सगळं इतरांना, चर्चने मात्र स्वतःची पत्रकं वाटायला, कार्यक्रम करायला आणि स्पीकर लावायला हरकत नाही असंही त्यातच. खरं तर शहराच्या प्लॅनिंग कमिशनने आधी शिफारस केली होती की सार्वजनिक बागेत जेवढी बंधनं असतात त्याहून जास्त इथं नकोत, पण शेवटच्या कागदात ती अट काही आली नाही. आपल्याकडे डीपीत (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात) खेळाचं मैदान असतं आणि बांधून होईपर्यंत क्लब हाऊस झालेलं असतं, तसंच.

दुसरं, ‘कोर्टात गेले ते धर्मद्वेष्टे’. केसचं नाव तरी बघायचं होतं ओ. फर्स्ट युनिटेरियन चर्च विरुद्ध सॉल्ट लेक सिटी. म्हणजे कोर्टात जाणारं पहिलं नाव एका चर्चचंच आहे! सोबत महिलांची संघटना होती आणि वकील एसीएलयूचे, ती तिकडची नागरी हक्कवाली मोठी संस्था. आणि दावा शहरावर होता, कारण तक्रार होती शहराने सही केलेल्या कागदाबद्दल. याला धर्माविरुद्धची लढाई म्हणणाऱ्याने एक तर केस वाचलेली नाही किंवा वाचून मुद्दाम तसं लिहिलंय, मला दुसरंच जास्त शक्य वाटतं.

तिसरं म्हणजे ‘हरले’. हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य खोट्यापेक्षा वाईट कारण त्याला नुसतं खोटं आहे म्हणून उडवता येत नाही. 2001 मध्ये खालच्या कोर्टात हरले, बरोबर. पण ऑक्टोबर 2002 मध्ये वरच्या, म्हणजे दहाव्या सर्किटच्या (तिकडच्या विभागीय अपील) कोर्टाने निकाल फिरवला आणि ते जिंकले. कोर्टाचं म्हणणं समजायला सोपं आहे, जमीन कुणाची हे आम्ही विचारतच नाही, चालायचा हक्क सरकारचा आहे ना, मग त्या हक्कापुरती ती जागा सार्वजनिकच, आणि काम तरी काय करते ती, उत्तरेकडच्या वस्तीतून गावात यायची पायवाट, म्हणजे फुटपाथच की, आणि फुटपाथवर माणसं बोलतात, पत्रकं वाटतात, हे त्या देशात शंभर वर्षं चालत आलंय. शहराला दोन्ही हवं होतं, लोकांनी तिथून चालावं पण तोंड घरी ठेवून यावं, आणि ते जमणार नाही असं कोर्टाने सांगितलं. बोलण्यावरची, पत्रकांवरची ती बंधनं घटनाबाह्य ठरली. पुढे 2003 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला, म्हणजे हा निकाल कायम राहिला.

मग आज तिथं उभं राहून भाषण का करता येत नाही? कारण त्याच 2003 मध्ये शहराने तो चालायचा हक्कच चर्चला देऊन टाकला. बदल्यात गावाच्या पश्चिमेला ग्लेनडेल नावाच्या वस्तीत सुमारे 2 एकर जागा मिळाली आणि तिथं लोकांसाठी सेंटर बांधायला पैशांची सोय झाली. त्यावर पुन्हा केस झाली, उटाह गॉस्पेल मिशन नावाच्या संस्थेची (परत धार्मिकच, बघा), आणि 2005 मध्ये त्याच वरच्या कोर्टाने सांगितलं की आता सरकारचा हक्कच उरला नाही, जागा पूर्ण खासगी झाली, आता आम्ही काही करू शकत नाही. फॉरवर्डवाल्याने हा शेवटचा निकाल उचलला आणि मधला गाळला. म्हणजे लोकांचा हक्क गेला तो ना चर्चच्या हुकमाने ना कोर्टाच्या निकालाने, तो गेला नगरपालिकेच्या ठरावाने. विकला गेला, पावतीसकट. तो सौदा वाईटच होता असं मी म्हणत नाहीये, गरीब वस्तीला सेंटर मिळालं हे काही कमी नाही, पण विकणारा कोण हे तरी नीट सांगा.

अजून एक किस्सा त्या मेसेजमध्ये नाही तो सांगतो. 2009 च्या जुलैमध्ये त्याच प्लाझावर दोन पुरुषांनी एकमेकांचं चुंबन घेतलं म्हणून चर्चच्या सिक्युरिटीने त्यांना अडवलं, पोलिस आले, घुसखोरीची केस. लोकांनी निषेध म्हणून तिथं जाऊन सामूहिक चुंबनं घेतली, ते जाऊ दे, पण त्याच महिन्यात शहराच्या सरकारी वकिलाने केस सोडून दिली. कारण ही जागा खासगी आहे हे येणाऱ्याला नीट कळतच नाही, दिसायला रस्त्याचाच भाग वाटतो. मालक असणं वेगळं आणि समोरच्या माणसाला ते माहीत असणं वेगळं, घुसखोरीला दुसरं लागतं.

‘लंडन न्यूयॉर्कलाही हेच’ यावर फार वेळ घालवत नाही. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलसमोर ऑक्युपायवाल्यांनी (बँका आणि बड्या कंपन्यांविरुद्धचं आंदोलन) तंबू ठोकले, खरं तर त्यांना शेअर बाजारापाशी जायचं होतं पण तो चौक खासगी निघाला आणि तिथून कोर्टाच्या आदेशाने अडवलं म्हणून ते चर्चच्या दारात आले. त्यांना जबरदस्तीने हटवलं जाईल या मुद्द्यावर तिथल्या एका मोठ्या धर्मगुरूने राजीनामा दिला, चार दिवसांनी डीनने, म्हणजे कॅथेड्रलच्या प्रमुखानेही दिला, आणि कॅथेड्रलने कोर्टात जाणं थांबवलं. तंबू शेवटी फेब्रुवारी 2012 मध्ये हलवले ते सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या केसवर, म्हणजे परत पालिकाच! न्यूयॉर्कला ट्रिनिटी चर्चने तिथल्या ऑक्युपायवाल्यांना आपल्या रिकाम्या प्लॉटवर येऊ दिलं नाही हे खरंय, पण 17 डिसेंबर 2011 ला कुंपण ओलांडून आत जाणाऱ्यात त्याच पंथाचे एक निवृत्त बिशप होते, त्यांनाही अटक झाली. एकाच चर्चमध्ये एवढी दोन तोंडं असतील तर ‘जगभर चर्च हेच करतं’ हे कुठून आणलं?

आता आपल्याकडचं, यातच मेसेज सगळ्यात जास्त घसरलाय. आधी एक बारीकसं, ठाणे शहरात सातबारा कुठला शोधताय, बहुतेक ठिकाणी प्रॉपर्टी कार्ड असतं. असो. मी उगाच आमच्या बाजूने खेचत नाही, कायदा बऱ्याच अंशी मालकाच्या बाजूने आहे. घटनेच्या कलम 26 ने धार्मिक संस्थांना जागा घ्यायचा, बाळगायचा आणि कायद्याप्रमाणे चालवायचा हक्क दिलाय. कलम 19 मधलं बोलायचं स्वातंत्र्य मुळात सरकारविरुद्ध आहे (2023 च्या कौशल किशोर निकालात घटनापीठाच्या बहुमताने ते खासगी व्यक्तींविरुद्धही लागू करता येईल म्हटलंय, पण त्यावरून कोणाच्याही अंगणात सभा भरवता येते असं समजू नका). आणि 1969 मध्ये रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की बोलायचं स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या जागेत जाऊन बोलायचा हक्क नाही, ते तर रेल्वेच्या म्हणजे सरकारी आवाराबद्दल होतं. म्हणजे तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात किंवा पलीकडे कौपिनेश्वराच्या मंदिरात मला माईक लावू देत नाहीत अशी तक्रार मी करू शकत नाही, करणारही नाही.

पण आवाराच्या बाहेर पडलात की चित्र बदलतं. 1972 चा हिंमतलाल शहा निकाल अहमदाबादचा आहे, पाच न्यायमूर्तींचा. रस्त्यावर सभा घ्यायला पोलिस नियम लावू शकतात, वेळ जागा ठरवू शकतात, पण वाटेल तेव्हा वाटेल तशी परवानगी नाकारायची मोकळीक त्यांना नाही, म्हणून तो नियमच रद्द झाला. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला अख्खं तरुण ठाणं लोटतं ते याच रस्त्यावर. आणि ज्या रस्त्यावर पोलिसालाही मनमानी करता येत नाही तिथं ट्रस्टचा वॉचमन कोण लागून गेला? आजोबा फुटपाथवर होते, फुटपाथ महापालिकेचा.

राहिली वाट. फॉरवर्ड म्हणतो मालकाने गेट लावलं की संपलं. वहिवाटीचा कायदा 1882 चा आहे, आपल्या मुंबई इलाख्याला 1891 मध्ये लागू झाला. उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून, न थांबता 20 वर्षं वापर असेल तर वहिवाट मिळू शकते, मालकाच्या मर्जीने जात असाल तर मात्र नाही. आणि गोची अशी की हा हक्क माणसाला मिळत नाही, त्याच्या जागेला मिळतो, म्हणजे कदाचित आमच्या सोसायटीला मिळेल पण रिक्षा स्टँडवरून येणाऱ्या सगळ्या पब्लिकला तेवढ्याने नाही. त्यांच्यासाठी बघावं लागतं की ती वाट डीपीत आहे का, ट्रस्टने बांधकामाची परवानगी घेताना काही अट मान्य केली होती का, महासभेत कधी ठराव झाला होता का. सॉल्ट लेकमध्ये सगळं एका कागदावर ठरलं तसंच इथंही कागद बघितल्याशिवाय ना मी बोलू शकत ना तो मेसेजवाला.

आणि नवी मुंबईच्या लोकांनी तर ‘मालक’ हा शब्द जपूनच वापरावा. वाशी, नेरूळ, खारघर, जिथं सिडकोचा प्लॉट आहे तिथं चर्च असो, मंदिर असो, गुरुद्वारा असो, जागा साधारणपणे 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, कशासाठी वापरायची ते करारात लिहिलेलं असतं. म्हणजे तिथं हुकूम कोणाचा विचारलं तर आधी करार काढा, मग बोला.

मी ग्रुपवर एवढंच टाकलं की मंजूर नकाशाची प्रत कोणाकडे आहे का. काकांनी, म्हणजे ज्यांनी मेसेज टाकला होता त्यांनी, हात जोडल्याचा इमोजी टाकला. मंगळवारी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय, दहा रुपयांचं तिकीट लावून. आजोबा आता रोज संध्याकाळी घरून प्लास्टिकची खुर्ची आणतात, गेटपासून बरोबर चार पावलं सोडून फुटपाथवर टाकतात, 212 सह्या झाल्यात आणि त्यातली एक त्या वॉचमनची आहे, त्यालाही ड्युटी संपल्यावर लांबून वळसा घालून स्टेशनला जावं लागतं.