मोबाईलमधले कागद चालतात, पण फोटो नव्हे

कळंबोलीच्या ट्रक चालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : "मोबाईलवरचे कागद चालत नाहीत, ओरिजिनल आरसी नसेल तर गाडी जागेवर जप्त." हे चूक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे लायसन्स, आरसी, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी हे सगळं डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवर दाखवता येतं. १ ऑक्टोबर २०२० पासून तर ऑनलाइन पडताळणी झाली की कागदी प्रत मागायचीच नाही, असा नियम आहे. तपासणीची तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याची ओळखही पोर्टलवर नोंदवायची असते, म्हणजे एकाच दिवशी तीच गाडी पुन्हा पुन्हा अडवली जाऊ नये. चालकांना सर्वांत जास्त आधार या तरतुदीचा आहे आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

घोळ होतो तो फोटोमुळे. मालकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला आरसीचा फोटो डिजिलॉकरची जागा घेत नाही. उरण फाट्यावर काच तडकलेल्या मोबाईलवर तसा धूसर फोटो मोठा करून दाखवणारा चालक मी पाहिलाय. कागद खरे असूनही बिचारा घामाघूम झाला होता.

मुदत संपलेला फिटनेस किंवा जादा माल यातून मात्र मोबाईल सोडवत नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे.