झोका, इंतजाम आणि सात सत्तावन्न

रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला'चे निवेदक अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी सर्वत्र पसरली, तेव्हा आमच्या सहा-सात जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला पहिला निरोप केवळ आकड्यांचा होता : ७:५७. त्याखाली नाव नव्हते, छायाचित्र नव्हते, हात जोडल्याचे चिन्हही नव्हते. ज्यांना कळायचे त्यांना कळले. शेजारी बसलेल्या पुतण्याने माझ्या मोबाईलमध्ये डोकावून विचारले, "काका, परभणीहून सात सत्तावन्नला कोणती गाडी आहे?"

त्याला मी उत्तर दिले नाही, कारण ते दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. ते आज येथे सविस्तर देत आहे.

श्रीलंकेतील कोलंबोहून चालणाऱ्या रेडिओ सिलोनच्या हिंदी प्रसारणात सकाळी साडेसात ते आठ या वेळात जुन्या चित्रपटांतील गाणी लागत, आणि त्या अर्ध्या तासाचा शेवट ठरलेला असे. घड्याळात सात वाजून सत्तावन्न मिनिटे झाली की कुंदनलाल सैगल. सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला निवर्तले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुक्तीला दीड वर्षाहून अधिक अवकाश होता. आमच्यापैकी बहुतेकांचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे आम्ही या जगात येण्यापूर्वीच थांबलेला एक आवाज रोज सकाळी तीन मिनिटांसाठी आमच्या घरात येत असे, आणि तो संपला की शाळेची, कचेरीची, दुकानाची घाई सुरू होत असे. त्यामुळे 'सात सत्तावन्न' हा आमच्यापुरता शेवटाचा शब्द झाला. पंगतीत ताकभाताची वेळ आली की कोणीतरी म्हणे, "आता सात सत्तावन्न वाढा." पुढे वये वाढली, तसा तोच शब्द माणसांसाठीही येऊ लागला. अमुक गेले असे म्हणण्याऐवजी 'त्यांचे सात सत्तावन्न झाले' असे आम्ही म्हणतो. बाहेरच्याला हे कदाचित निष्ठुर वाटेल. आमच्यासाठी त्याहून मऊ शब्द दुसरा नाही.

हे मंडळ सत्तरच्या दशकात परभणीच्या स्टेशन रोडवरील रेडिओ दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात जमले. त्याला नाव नव्हते, वर्गणी नव्हती, अध्यक्ष तर नव्हताच. दुकानाचे मालक आम्हा सर्वांचे चाचा. एक पोस्टमन, एक प्राथमिक शाळेचे गुरुजी, कापूस खरेदी केंद्रावरचे एक कारकून, कृषी विद्यापीठात नोकरीला असलेले दोघे, आणि तेव्हा कॉलेजात शिकणारा मी. आमच्या आधीच्या पिढीतील अनेकांचे शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेले होते. त्यामुळे फरमाइश, पायदान, सरताज हे रेडिओवरून येणारे शब्द आम्हाला परके वाटले नाहीत. आजोबांच्या तोंडचीच भाषा कोलंबोहून परत येत आहे, असेच काहीसे वाटे.

कोलंबोहून का, हे नव्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना त्यांनी जवळजवळ हद्दपार केले. मंत्री मराठी, हेतू शास्त्रीय संगीताला ऊर्जितावस्था आणण्याचा, आणि परिणाम असा की साऱ्या देशाचा कान सिलोनकडे वळला. त्याच वर्षी सिलोनवर लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी लावणारी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता रस्ते ओस पडू लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली, तिने पुष्कळ श्रोते परत मिळवले. पण एकदा सिलोनच्या शॉर्टवेव्हची सवय जडलेले कान पूर्णपणे परतले नाहीत.

शॉर्टवेव्ह म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले नाही त्याला आमची भाषा समजणार नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या लहरी आकाशात उंचावरील आयनांच्या थरावर आदळून खाली परततात. तो थर सूर्याबरोबर बदलतो, एकच लहर वेगवेगळ्या वाटांनी येऊन स्वतःवरच आदळते, आणि म्हणून आवाज वर चढतो, खाली बुडतो, नाहीसा होतो आणि पुन्हा उमटतो. याला आम्ही 'झोका' म्हणत असू. "आज गाणे झोक्यावर आहे" असे चाचांनी दारातच सांगितले की आम्ही रेडिओच्या अधिक जवळ सरकून बसत असू. झोक्यात गेलेले शब्द परत येत नसत. गाणे पुढे निघून जाई आणि मधली रिकामी जागा ज्याची त्याने भरायची असे.

अशाच एका रिकाम्या जागेतून आमचा सर्वांत लाडका शब्द जन्माला आला. एका गाण्यात प्रियकर रात्रभर प्रतीक्षा करतो असा भाव आहे. तेथील 'इंतजार' हा शब्द ऐन झोक्यात सापडला आणि आम्ही तो 'इंतजाम' असा ऐकला. प्रियकराने रात्रभर इंतजाम केला, यात आम्हाला काहीही खटकले नाही; मराठवाड्यातील माणूस लग्नघरी रात्रभर इंतजामच करीत असतो. तेव्हापासून आमच्यात वाट पाहण्याला इंतजाम म्हणतात. "दोन तास बसस्टँडवर इंतजाम करीत होतो." "निकालाचा इंतजाम चालू आहे." पोस्टमनकाकांच्या मुलीच्या स्थळाचा इंतजाम चार वर्षे चालला.

इतर शब्दांचे मूळ इतके गमतीदार नाही, तरी दोन-तीन नोंदवतो. सतत काही ना काही मागत राहणाऱ्या माणसाला आम्ही 'झुमरी तलैया' म्हणतो, कारण आज झारखंडात असलेल्या त्या गावाहून येणाऱ्या फरमाइशींना अंत नसे. कोणाला बढती मिळाली की 'बिगुल वाजला', हे गीतमालेत अव्वल ठरलेल्या सरताज गीताच्या बिगुलावरून आले. आणि 'तिसरा अंतरा'. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटेच मावत असल्यामुळे चित्रपटात असलेले एखादे कडवे अनेकदा तबकडीवर येत नसे. रेडिओवर वाजे ती तबकडी. म्हणून जे आहे पण ऐकू येत नाही, ते आमच्या भाषेत तिसरा अंतरा. एखादा माणूस फार गोड बोलू लागला की गुरुजी हळूच विचारीत, "याचा तिसरा अंतरा काय असेल?"

आता मूळ मुद्दा. अशा खासगी भाषेविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे ती बालिश हौस आहे. दुसरे म्हणजे ती इतरांना बाहेर ठेवण्यासाठीच असते. पहिल्या मताशी वाद घालण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. दुसऱ्याविषयी मात्र बोलले पाहिजे. लपवण्यासाठीच केलेली भाषा कशी असते, हे आपल्याकडे कोणालाही पाहता येते. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटे दाबून बैलजोडीचा भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्या चौघांना तो कळू नये, हाच तेथे उद्देश असतो. आमच्या शब्दांमागे असा कोणताही उद्देश नव्हता. आम्ही काहीही लपवीत नव्हतो. समजावून सांगण्याची गरज पडत नव्हती, इतकेच. सहाजण एकाच वेळी एकाच ठिकाणी झोक्यात सापडले होते, त्यामुळे झोका म्हणजे काय हे कोणी कोणाला विचारीत नव्हते.

परंतु न लपवता सुरू झालेली भाषा पुढे कुंपण होऊ शकते, हेही खरे आहे. महानुभाव पंथाचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. ज्या चक्रधरस्वामींचा आपल्या पैठणशी इतका निकटचा संबंध, त्यांच्या पंथाने आपले ग्रंथ जपण्यासाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या वापरल्या. ग्रंथ जपले गेले, हे त्या लिप्यांचे श्रेय आहे. पण मराठीतील आद्य गद्य काही शतके सामान्य मराठी वाचकापासून दूर राहिले, हीदेखील त्यांचीच करणी. वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कोठे ते दार किलकिले झाले. कोठे ते साहित्य आणि कोठे आमचा इंतजाम. तुलना मोठी झाली, याची मला जाणीव आहे. तरीही कुंपण घालण्याचा मोह लहान मंडळालाही तेवढाच होतो, आणि तो आम्हाला झाला.

काही वर्षांपूर्वी बँकेत नोकरीला असलेला एक तरुण आमच्या रविवारच्या बैठकीत आला. त्याच्या मोबाईलमध्ये हजारो जुनी गाणी होती, वर्षांनुसार आणि संगीतकारांनुसार लावलेली. तो बोलांना 'लिरिक्स' म्हणाला, तेथेच आमच्या चेहऱ्यांवर हसू उमटले. मग आम्ही त्याची परीक्षा सुरू केली. सात सत्तावन्न म्हणजे काय? पंचवीस मीटरवर काय लागत असे? त्याला एकही उत्तर आले नाही. वास्तविक गाण्यांविषयी आम्ही त्याला काहीच विचारले नव्हते. जे त्याला येणे शक्यच नव्हते, तेवढेच विचारले होते. त्या परीक्षेचा परीक्षक बहुतांशी मीच होतो. तीस वर्षे शिकवण्याचे काम केलेल्या माणसाने अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर काढावा, याची लाज मला त्या वेळी वाटली नाही, ती नंतर वाटली.

तो मुलगा चिडला नाही. निघताना इतकेच म्हणाला, "सर, तुम्ही मघाशी जे गाणं म्हटलं ना, त्यात इंतजाम नाहीये. इंतजार आहे." आणि मोबाईलवर त्याने ते गाणे लावले. स्वच्छ, निर्मळ, कोठेही खरखर नाही. शिवाय चित्रपटातून घेतलेले असल्यामुळे त्यात तिसरा अंतराही होता, जो आम्ही चाळीस वर्षांत कधीही ऐकला नव्हता. शब्द इंतजारच होता.

आम्ही सर्वांनी चाचांकडे पाहिले. आमच्यात उर्दू नीट लिहिता-वाचता येणारे तेच एकटे. ते शांतपणे म्हणाले, "मेरेकू मालूम था ना. पन तुम लोगां का इंतजामच अच्छा लगता था."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. ज्या माणसाला बरोबर शब्द ठाऊक होता, तो इतकी वर्षे आमचा चुकीचा शब्द आमच्याबरोबर वापरीत राहिला. आणि आम्ही त्याच शब्दावर एका पोराला नापास करून बसलो होतो. चाहत्यांची भाषा हे ज्ञानाचे प्रमाणपत्र नाही, हे मला तेव्हा पटले. ती बहुधा एकत्र सोसलेल्या एखाद्या अडचणीची खूण असते, आणि अनेकदा एकत्र केलेल्या चुकीचीही. गाणी शिकता येतात, ती अडचण शिकता येत नाही. म्हणून ज्याच्या वाट्याला ती अडचण आली नाही, त्याच्याकडे भाषेची मागणी करणे हा शुद्ध अन्याय आहे.

यात भर म्हणून माझ्या पुतण्याचे सांगतो. तो सात क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या, चाहत्यांच्या 'थाला' धोनीचा भक्त आहे. त्याच्या मित्रांना कोठेही सात हा आकडा दिसला, किंवा मोटारसायकलच्या नंबराची बेरीज सात आली, की ते एकदम ओरडतात, "थाला फॉर अ रीझन!" मूळ तमिळ शब्दाचा अर्थ डोके, म्हणजेच म्होरक्या; पण या मुलांपैकी एकालाही तमिळ येत नाही. मी पुष्कळ दिवस याला पोरकटपणा म्हणत आलो. मग एका सकाळी लक्षात आले की सातच्याच आकड्यावर आम्ही पन्नास वर्षे काढली आहेत, आणि आमच्यातही सिंहली येणारा कोणी नव्हता. त्यानंतर पुतण्याला मी सात सत्तावन्नची गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि सातात पाच आणि सात मिळवून पाहिले. एकोणीस आले. तो जरा हिरमुसला.

बँकेतला तो तरुण पुन्हा येईल असे वाटले नव्हते, परंतु चाचांनी त्याला स्वतः फोन करून बोलावले. आता तो बहुतेक रविवारी येतो. मोबाईल एका लहान स्पीकरला जोडतो, आणि नेटवर्क गेले की गाणे मध्येच थांबते. त्याला तो 'बफरिंग' म्हणतो. गुरुजींनी सुचवले की यालाही झोकाच म्हणावे. मी त्याला विरोध केला आणि आजही माझा विरोध कायम आहे. झोक्यात गाणे तुमच्यासाठी थांबत नाही. ते पुढे जाते आणि हरवलेले तुम्हाला स्वतः भरावे लागते. बफरिंगमध्ये गाणे तुमच्यासाठी थांबून राहते आणि एकही अक्षर न गमावता पुढे सुरू होते. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना निराळे शब्दच हवेत. यावर दोन रविवार वाद झाला.

चाचांची ऐंशी उलटली आहे आणि एका कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. गेल्या रविवारी मी त्यांना काहीतरी विचारले, त्यांनी उत्तर दिले नाही. पुन्हा विचारले, तरी नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले, उजव्या कानावर बोट ठेवले आणि त्या मुलाकडे पाहून हसत म्हणाले, "ठहरो जरा. आज बफरिंग भोत है."