‘ठरवलेला माणूस थांबत नाही’ हे खरे नाही

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या संकुलाच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेला एक संदेश दोन दिवसांत ठाण्यातल्या आणखी तीन गटांतून माझ्यापर्यंत पोहोचला. आत्महत्येचे विचार येणाऱ्याकडून समुपदेशक जो सुरक्षा आराखडा (संकटाच्या क्षणी काय करायचे याची क्रमवार नोंद) लिहून घेतात तो नुसता कागद असतो, ज्याने ठरवले तो करतोच, विषय काढल्याने नसलेला विचार मनात भरतो, त्यापेक्षा देवासमोर शपथ घ्यायला लावावी, असा त्याचा आशय होता. ज्या घरात आज असा माणूस आहे, तिथे या समजुती जिवावर बेतू शकतात.

‘ठरवले’ हा शब्दच चुकीचा आहे. जगण्याची आणि मरण्याची ओढ एकाच मनात झगडत असते. तीव्र ऊर्मी चढते आणि बहुतेकदा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर आत्महत्यांचे एकूण प्रमाणच मोठ्या प्रमाणात घटले; सगळ्यांनी दुसरा मार्ग शोधला असता तर ते घटले नसते. म्हणूनच घातक वस्तू हाताशी राहू न देणे हा आराखड्याचा आवश्यक भाग आहे.

आराखडा नुसता कागद का नाही, हे मी एका महाविद्यालयीन मुलाच्या मोबाइलच्या कव्हरमागे चौपदरी घडी करून ठेवलेल्या कागदावर पाहिले. त्याच्या परवानगीनेच लिहितो. पहिली ओळ त्याच्या धोक्याच्या खुणांची होती: ‘दोन रात्री झोप नाही, डबा न उघडता परत.’ पुढे एकट्याने करायचे ते, म्हणजे तबल्याचा रियाज. मग माणसांत जायचे ठिकाण, गावदेवी मैदान. मग आत्याचा नंबर आणि तिला म्हणायचे वाक्यसुद्धा: ‘आज मला एकटे राहवत नाही, ये.’ त्याखाली डॉक्टरांचा नंबर, आणि शेवटी, घरातली औषधे आत्याच्या ताब्यात. विचार करण्याची शक्ती खुंटते त्या वेळी, आधी शांतपणे केलेला विचार असा हाताशी असतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या या पद्धतीचा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आराखडा आणि नंतरचे विचारपूस करणारे फोन मिळालेल्यांमध्ये पुढील ६ महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. फोनचा वाटा त्यात आहेच, आणि कागदामागे माणूस लागतो हे मला मान्य आहे.

विचारल्याने विचार रुजतो, याला आधार नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे आपुलकीने, स्पष्ट शब्दांत विचारल्यावर बहुतेकांना मोकळे वाटते.

शपथेचे मात्र मला खरोखर भय वाटते. ती काय करू नये एवढेच सांगते, रात्री दोन वाजता काय करावे ते सांगत नाही. आणि विचार पुन्हा आला की शपथ मोडल्याच्या अपराधीपणाने माणूस तो लपवू लागतो.

शिक्षेच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ लक्षात घ्यावे: प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे ते गृहीत धरते आणि शिक्षेऐवजी तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर सोपवते. आराखडा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांसोबत बसून करावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा असेल तर त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे.